विजेच्या पेटींतील ज्वाळा आणि तिच्यावर पहारा करणारा डोळा

विजेचा उपयोग शेतीच्या कामीं दिवसेंदिवस वाढत चालला आहे, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. विहिरीवरील मोटार, उपसा-सिंचनाचे पंप, दूध थंड करण्याच्या टाक्या, द्राक्षें व डाळिंबें ठेवावयाचीं शीतगृहें, ऊंस गाळणारे सहकारी कारखाने, यांपैकीं एकहि काम आतां विजेवांचून चालत नाहीं. विजेचे जे धोके सर्वांच्या परिचयाचे आहेत ते दोन. अंगास धक्का बसणें हा एक, व तार तापून आग लागणें हा दुसरा. परंतु तिसराहि एक धोका आहे, आणि तो या दोहोंहून निराळा असून त्याविषयीं आपल्या मंडळींत फारसें बोललें जात नाहीं. तो म्हणजे विजेच्या पेटींत अकस्मात् उठणारी ज्वाळा होय. तंत्रज्ञ लोक तिला आर्क फ्लॅश म्हणतात. तारेस स्पर्शहि न करतां, दोन-चार हात दूर उभ्या असलेल्या मनुष्यास ती भाजून काढते. तिच्यापासून मोठ्या पेट्यांचें रक्षण करण्यासाठीं हल्लीं प्रकाश ओळखणारे डोळे बसविण्यांत येतात. ते कसे चालतात, त्यांचा उपयोग कोठें होतो व कोठें होत नाहीं, आणि ज्याच्या पेटींत असा डोळा नाहीं त्या शेतकऱ्यानें काय करावें, हें या पाठांत क्रमानें सांगण्याचा आमचा विचार आहे.

ज्वाळा कशी उत्पन्न होते

कोरडी हवा विजेस सहसा वाट देत नाहीं. म्हणूनच खांबांवरील उघड्या तारा एकमेकींपासून हात-दीड हात दूर ठेवल्या म्हणजे काम निर्वेध चालतें. परंतु पेटीच्या आंत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या थोडक्या जागेंत जवळ जवळ बसविलेल्या असतात. त्यांच्यामध्यें कांहीं येऊन पडलें, किंवा ओल व धूळ यांचा थर जमला, तर एका ठिकाणीं हवा फुटते. एकदां फुटलेली हवा इतकी तापते कीं ती स्वतःच तारेसारखी विजेस वाहूं देते. वेल्डिंगच्या दुकानांतील डोळे दिपविणारी ज्योत सर्वांनीं पाहिली असेल, ती हीच. भेद इतकाच कीं, वेल्डिंगची ज्योत शे-दोनशें अँपिअरची व कारागिराच्या ताब्यांतील असते, आणि पेटींतील ज्वाळा हजारों अँपिअरची व मोकाट असते.

या ज्वाळेच्या मध्यभागीं उष्णता वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरांत जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें साडेपांच हजार अंश तापलेला असतो, यावरून वाचकांनीं अनुमान करावें. तांबें १,०८५ अंशांस वितळतें. मग या ज्वाळेंत तें वितळून न थांबतां त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली असतां तें सुमारें सतराशें पट जागा व्यापतें, आणि तेवढ्यावर आगगाडीचीं इंजिनें चालत असत. तांब्याची वाफ सुमारें सदुसष्ट हजार पट फुगते. त्यामुळें पेटीचीं दारें उडतात, वितळलेल्या धातूचे थेंब चहूंकडे फेकले जातात, व आवाजानें कान बधिर होतात.

कारणें पाहिलीं तर तीं फार साधीं असतात. केबल आंत घेण्यासाठीं पाडलेलें भोंक बुजविलें नाहीं म्हणून उंदीर, पाल किंवा साप आंत शिरतो. जोडाचा नट ढिला राहून तो तापूं लागतो. काम करणारा पाना आंत विसरतो. पावसाळ्यांत पेटीच्या आंतल्या अंगास पाणी सुटतें. ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारें यंत्र, आंत-बाहेर सरकवितांना नीट बसत नाहीं, व नेमका त्याच वेळीं मनुष्य पेटीच्या पुढें उभा असतो.

नवी मुंबईचें उदाहरण

हा विषय जेथें रोजच्या व्यवहारांतला झाला आहे असें आपल्या राज्यांतील ठिकाण म्हणजे नवी मुंबई. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व ठाणें, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची भूमि या नव्या शहराच्या योजनेंत आली. भाताचीं खाचरें व मिठागरें ज्या सात-बाऱ्यांवर लिहिलेलीं होतीं, ज्यांच्या मोबदल्यासाठीं जानेवारी १९८४ मध्यें जासईच्या भागांत शेतकऱ्यांनीं प्राण दिले, त्याच भूमीवर आज वस्ती, कारखाने व वीज-उपकेंद्रें उभीं आहेत. औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेनें दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत व त्याच्याहि पुढें पसरली आहे. ऐरोली, रबाळें व महापें येथें संगणकांचीं मोठीं घरें झालीं आहेत, ज्यांस डेटा सेंटर म्हणतात. त्यांची वीज क्षणभरहि जाऊन चालत नाहीं. त्याच रस्त्यावर कळवें-ऐरोलीच्या भागांत सीमेन्स कंपनीचा कारखाना असून तेथें अशा पेट्या, ज्यांस स्विचगिअर म्हणतात, त्या तयार होतात.

शेतकऱ्याचा या शहराशीं संबंध वाशीच्या बाजारामुळें येतो. मुंबईच्या दाटींतील कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ सालीं, व फळें आणि भाजीपाल्याचा बाजार १९९६ सालीं तेथें हलविला गेला. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यावर विकिरणाची प्रक्रिया करण्याचें राज्य कृषि पणन मंडळाचें केंद्रहि वाशीसच आहे. आजूबाजूस शीतगृहें आहेत. रत्नागिरीचा हापूस असो वा नाशिकचें द्राक्ष असो, त्याचा जीव त्या शीतगृहाच्या थंडाव्यावर, थंडावा यंत्रावर, आणि यंत्र विजेच्या पेटीवर अवलंबून असतें. पेटी जळाली तर ती दुसऱ्या दिवशीं बाजारांतून आणून बसवितां येत नाहीं. तिला आठवडे लागतात. तोंवर माल थांबत नाहीं.

शिवाय या भागाची हवा पेट्यांस अनुकूल नाहीं. एका बाजूस ठाण्याची खाडी असल्यानें हवेंत क्षार असतो, पावसाळा जोराचा असतो, व रासायनिक कारखान्यांची वाफ धातूचे जोड खाते. म्हणून जो धडा नवी मुंबईच्या कारखानदारांस शिकावा लागतो, तोच कोंकणपट्टींतील प्रत्येक शीतगृहास व, खारी हवा सोडली तर, घाटावरील प्रत्येक साखर कारखान्यासहि लागू पडतो.

काळ हाच खरा शत्रु

ज्वाळा एकदां पेटली म्हणजे तिच्यांतून बाहेर पडणारी उष्णता दोन गोष्टींवर ठरते. एक, तिच्यांतून किती वीज वाहते. दुसरी, ती किती वेळ वाहते. पहिली गोष्ट आपल्या हातीं फारशी नसते. दुसरी मात्र असते. तंत्रज्ञांचा अनुभव असा आहे कीं, सेकंदाच्या हजार भागांपैकीं ३५ भागांच्या आंत ज्वाळा विझली तर पेटीस म्हणण्यासारखी इजा होत नाहीं. शंभर भागांत विझली तर साफसफाई व थोडी दुरुस्ती करून पेटी पुन्हां चालूं शकते. पांचशें भागांपर्यंत जळत राहिली तर पेटी व बहुधा तिच्या समोरचा मनुष्य, दोघांचीहि आशा सोडावी लागते.

मनुष्याच्या कातडीचें माप याहून नाजूक आहे. उघड्या कातडीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १·२ कॅलरी उष्णता एकदम पडली तर फोड येऊं लागतात. एक कॅलरी म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता. इतक्या थोडक्यावर फोड येतो, हें ध्यानांत ठेवावें. या उष्णतेचा हिशेब प्रथम राल्फ ली या अमेरिकन अभियंत्यानें १९८२ सालीं एका निबंधांत नीट मांडला. पुढें २००२ सालीं त्याविषयीं प्रमाणग्रंथ निघाला व २०१८ सालीं तो सुधारला गेला.

नेहमींचा पहारेकरी उशीर कां करतो

वीज जास्त वाहूं लागली कीं ब्रेकरला हुकूम देणारें एक यंत्र पेटींत असतें. त्यास रिले म्हणतात. मग ज्वाळा उठतांच तो हुकूम कां देत नाहीं, असा प्रश्न सहज येईल. याचीं कारणें दोन आहेत.

पहिलें कारण व्यवस्थेचें. विजेच्या वाटेवर एकामागें एक असे अनेक ब्रेकर असतात. एखाद्या लहान शाखेंत दोष झाला तर त्या शाखेचाच ब्रेकर पडावा, सर्व गांव अंधारांत जाऊं नये, म्हणून वरच्या प्रत्येक रिलेला थोडें थांबण्यास सांगितलेलें असतें. तक्रार आधीं गांवच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या तलाठ्याकडे जावी, त्यानें न मिटविल्यास मंडळ अधिकाऱ्याकडे, आणि तेथेंहि न मिटल्यास तहसीलदाराकडे, अशी जी रीत आहे, तशीच ही आहे. प्रत्येक पायरीस सेकंदाचा सुमारें एक-तृतीयांश भाग जातो. कागदाच्या कामांत ही रीत चांगली. परंतु ज्वाळा मुख्य पट्ट्यांवर उठली, तर जो वरचा ब्रेकर पडावयास हवा तोच सर्वांत अधिक वेळ थांबलेला असतो.

दुसरें कारण ज्वाळेच्या स्वभावाचें. दोन तारा घट्ट जुळल्या तर जितकी वीज वाहते, तितकी ज्वाळेंतून वाहत नाहीं, कारण ज्वाळा स्वतः कांहीं अडथळा करते. कमी व्होल्टच्या पेटींत हा प्रवाह निम्म्यावरहि येतो. रिलेला मग हें संकट वाटत नाहीं. एखादी मोठी मोटार सुरू झाली असावी असें समजून तो वाट पाहत राहतो.

प्रकाश ओळखणारा डोळा

या अडचणींतून वाट काढण्यासाठीं अभियंत्यांनीं असा विचार केला कीं, ज्वाळेची वर्दी सर्वांत आधीं कोण देतो तें पाहावें. धूर मागाहून येतो, उष्णता मागाहून पसरते, दाबहि थोडा मागाहून वाढतो. प्रकाश मात्र सेकंदास तीन लाख किलोमीटर जातो. पेटीच्या आंतल्या अंतरास त्याला वेळच लागत नाहीं. म्हणून पेटीच्या प्रत्येक कप्प्यांत प्रकाश ओळखणारा सेन्सर बसवावा, व त्याची वर्दी रिलेकडे न्यावी. स्वीडन व फिनलंड या देशांतील कारखान्यांनीं या विद्येस चांगलें वळण दिलें, व आतां ती सर्व जगांत वापरली जाते.

हे डोळे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारांत प्रत्येक कप्प्यांत एक लहान भिंग असतें. तें कोणत्या कप्प्यांत ज्वाळा उठली हें नेमकें सांगतें. दुसऱ्या प्रकारांत कांचेचा किंवा प्लॅस्टिकचा एकच लांब पारदर्शक तंतु सर्व कप्प्यांतून फिरवून परत रिलेकडे आणतात. त्याच्या अंगावर कोठेंहि प्रकाश पडला तरी तो आंत शिरून रिलेपर्यंत पोंचतो. याचा खर्च कमी, पण जागा नेमकी कळत नाहीं. अशा फेऱ्याच्या तंतूंतून रिले स्वतःच मधून मधून बारीकसा प्रकाश सोडून तो अखंड आहे कीं नाहीं हें पाहत असतो. हे तंतु विजेचे वाहक नसल्यामुळें जुन्या पेट्यांतहि ते बसवितां येतात. सबंध पेटी बदलावी लागत नाहीं.

दोन साक्षी

येथें एक शंका येईल. दार उघडलें असतां सूर्याचें ऊन आंत पडलें, कोणी फोटो काढतांना प्रकाश चमकविला, किंवा जवळ वेल्डिंग चाललें असलें, तर हा डोळा फसणार नाहीं काय? फसेल. साध्या दिव्यांनीं उजळलेल्या खोलींत प्रकाशाचें माप कांहीं शें लक्स असतें, डोळ्यास जाग येण्याचें माप बहुधा आठ ते दहा हजार लक्सवर ठेवतात, आणि भर दुपारच्या उन्हाचें माप लाखाच्या आसपास जातें. म्हणून केवळ प्रकाशाच्या एका साक्षीवर निकाल देत नाहींत. त्याच क्षणीं विजेचा प्रवाहहि नेहमींपेक्षां वाढला आहे, ही दुसरी साक्ष मिळाली तरच रिले हुकूम सोडतो. प्रकाश आहे पण प्रवाह वाढला नाहीं, तर तें ऊन असावें. प्रवाह वाढला पण प्रकाश नाहीं, तर दोष पेटीच्या बाहेर दूर कोठें असावा. त्यास नेहमींच्या रितीनें पाहावें. दोन्ही एकदम, तर मात्र क्षणहि थांबूं नये.

आतां हिशेब करून पाहूं. नेहमींचा रिले अर्धा सेकंद थांबतो असें धरावें. त्यानंतर ब्रेकर उघडण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकीं ६० भाग लागतात असें धरूं. एकूण ५६० भाग झाले. डोळ्याचा रिले चांगल्या यंत्रांत दोन-तीन भागांत, व साध्या यंत्रांत सुमारें सात भागांत हुकूम देतो. सात धरले तरी ब्रेकरचे ६० मिळून ६७ भाग होतात. म्हणजे ज्वाळा तीच, पेटी तीच, परंतु उष्णता आठव्या हिश्शाहूनहि थोडी कमी. कांहीं मोठ्या ठिकाणीं याहून पुढें जाऊन, डोळ्यानें खूण करतांच पेटीच्या पट्ट्या मुद्दाम जमिनीशीं जोडून देणारें यंत्र बसवितात. तें चार हजारांश सेकंदाच्या सुमारास ज्वाळेचा जीवच काढून घेतें, व ब्रेकर मागाहून उघडतो. तें महाग असल्यानें सर्वत्र परवडत नाहीं.

डोळ्याच्या मर्यादा

येथवर वाचून कोणास असें वाटेल कीं, डोळा बसविला म्हणजे निश्चिंत झालों. तसें नाहीं. डोळा ज्वाळा उठूं देत नाहीं असें नव्हे. उठलेली ज्वाळा लवकर विझवितो इतकेंच. भोंकें बुजविणें, जोड आवळणें, ओल न राहूं देणें हीं कामें डोळ्यानें सुटत नाहींत.

दुसरें असें कीं, पाहणारा डोळा निराळा व तोडणारा हात निराळा. हात म्हणजे ब्रेकर, आणि त्या हातास बळ देणारी म्हणजे उपकेंद्रांतील बॅटरी. ज्वाळेच्या वेळीं बाहेरची वीज ढासळते, म्हणून हुकूम बॅटरीवरच चालतो. बॅटरींतील पाणी आटलेलें, किंवा ब्रेकरचें वंगण सुकून तो जखडलेला असेल, तर डोळ्यानें कितीहि लवकर पाहिलें तरी व्यर्थ.

तिसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. बाहेरून येणारी केबल ज्या कप्प्यांत जोडली जाते तेथें ज्वाळा उठली, तर त्या पेटीचा स्वतःचा मुख्य ब्रेकर उघडून उपयोग नाहीं, कारण वीज त्याच्या अलीकडूनच येत असते. तेथील डोळ्याचा हुकूम त्याहून वरच्या, म्हणजे रोहित्राच्या पलीकडील ब्रेकरपर्यंत पोंचला पाहिजे. तशी तार ओढलेली नसली तर त्या कप्प्यांतील डोळा असून नसून सारखाच.

पंचनाम्यांतील एक शब्द

महसूल खात्याच्या कामांत आगीचे व अपघाताचे पंचनामे आमच्या हातांखालून पुष्कळ गेले. त्यांत कारणाच्या रकान्यांत बहुधा एकच शब्द असे, शॉर्टसर्किट. तो लिहिला कीं चौकशी संपली, असें सर्वांस वाटे. हा शब्द खोटा नाहीं, परंतु तो अपुरा आहे. दोष कोठून आला हें तो सांगत नाहीं, आणि दोष उठल्यावर वीज किती वेळानें तुटली हें तर मुळींच सांगत नाहीं. वर दाखविल्याप्रमाणें जीव जाणें व राहणें हें त्या वेळावर असतें. विद्युत् कायदा २००३ च्या १६१ व्या कलमाप्रमाणें विजेमुळें मनुष्यास किंवा जनावरास अपघात झाल्यास विद्युत् निरीक्षकास सूचना द्यावी लागते. ज्या संस्थेंत असा प्रसंग होईल तिच्या सभासदांनीं चौकशींत इतकें तरी विचारावें कीं, ब्रेकर पडला काय, पडला तर किती वेळानें, आणि रिलेमध्यें त्याची नोंद उतरली आहे काय. आजचे रिले अशी नोंद हजारांश सेकंदापर्यंत ठेवतात. ती मागून घेण्याचा आग्रह धरावा.

सभेंत विचारावयाचे प्रश्न

या मासिकाचे पुष्कळ वाचक साखर कारखान्याचे, दूध संघाचे किंवा शीतगृहाच्या संस्थेचे भागधारक आहेत. कांहीं संचालकहि आहेत. अकरा, बावीस किंवा तेहतीस हजार व्होल्टची वीज घेणारी पेटी विकत घेण्याचा ठराव त्यांच्यापुढें येतो, तेव्हां बहुधा किमतीकडे पाहून हात वर होतात. त्या वेळीं पुढील प्रश्न विचारावे.

१. पेटीच्या आंत ज्वाळा उठली तरी बाहेरच्या मनुष्यास इजा होऊं नये, अशी तिची परीक्षा आयईसी ६२२७१-२०० या प्रमाणाप्रमाणें झाली आहे काय, व ती किती प्रवाहास, किती वेळास आणि पेटीच्या कोणकोणत्या बाजूंस लागू आहे?

२. मुख्य पट्ट्या, ब्रेकर व केबल या तिन्ही कप्प्यांत प्रकाशाचे डोळे आहेत काय?

३. प्रत्येक डोळ्याचा हुकूम कोणत्या ब्रेकरवर जातो? बाहेरच्या केबलच्या कप्प्यांतील हुकूम वरच्या ब्रेकरवर जातो काय?

४. बॅटरीची परीक्षा शेवटीं केव्हां झाली, व ब्रेकर उघडण्यास लागणारा वेळ शेवटीं केव्हां मोजला?

५. केबलचीं भोंकें बुजविलीं आहेत काय, आणि दमटपणा घालविणारा हीटर पावसाळ्यांत चालू असतो काय?

६. डोळा एखादे वेळीं चुकीनें जागा झाला म्हणून कोणी तो बंद करून ठेवला नाहीं ना? ठेवला असल्यास कोणाच्या लेखी हुकुमानें?

७. पेटीवर काम करणाऱ्यांस ज्वाळेपासून वांचविणारे कपडे व तोंडावरील पडदा दिला आहे काय, आणि वीज बंद करून काम करण्याचा नियम पाळला जातो काय?

या सात प्रश्नांस तंत्रज्ञाची पदवी लागत नाहीं. उत्तरें मिळालीं नाहींत तर तेंहि एक उत्तरच समजावें. सुरक्षेविषयीं केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाचे नियम २०२३ सालीं नव्यानें निघाले आहेत. ते संस्थेच्या कचेरींत असावेत. डोळे बसविण्याचा खर्च सबंध पेटी पुन्हां घेण्याच्या खर्चाच्या मानानें अल्प असतो, आणि मनुष्याच्या जिवाशीं तर त्याची तुलनाच नको.

आपल्या शेतावरील पेटी

आतां राहिली शेतकऱ्याची स्वतःची गोष्ट. रोहित्राजवळील डीपींत किंवा विहिरीवरील स्टार्टरच्या पेटींत प्रकाशाचा डोळा नसतो. म्हणून तेथें धोका कमी आहे असें मात्र समजूं नये. शंभर केव्हीएच्या रोहित्रांतून पूर्ण भारावर सुमारें १३३ अँपिअर वाहतात. पण त्याच्या तोंडाशीं तारा जुळल्या तर सुमारें तीन हजार अँपिअर वाहूं शकतात. वेल्डिंगच्या ज्योतीच्या पंधरा पटींहून हें अधिक झालें.

तेथें वीज तोडणारा हात म्हणजे फ्यूज. फ्यूजची तार बारीक असते ती याचसाठीं कीं ती लवकर वितळून वाट तोडावी. ती वारंवार जाते म्हणून तिच्या जागीं जाड तार गुंडाळणें म्हणजे, वरच्या हिशेबाप्रमाणें, ज्वाळेस जळण्यास अधिक वेळ देणें होय. रात्रीच्या पाळीची वीज आली कीं बॅटरीच्या उजेडांत, ओल्या पायांनीं, एकट्यानें डीपी उघडून फ्यूज टाकणें ही पुष्कळ गांवांतील रीत झाली आहे. पिकास पाणी न मिळाल्याचें दुःख आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाण्याची पाळी फिरून येते. डीपीचें काम महावितरणच्या वायरमनचें आहे. त्यास बोलवावें, व तो न आल्यास १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. स्वतःच्या स्टार्टरची पेटी उघडण्यापूर्वीं मेन स्विच पाडावा. स्विच पाडतांना किंवा चढवितांना पेटीच्या अगदीं समोर न राहतां बाजूस उभें राहून तोंड फिरवावें. अंगांत सुती कपडा असावा. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून कातडीस चिकटतो.

मागेल त्याला सौर कृषिपंप ही योजना २०२४ सालीं सुरू झाल्यापासून ज्यांच्या शेतांत सौर पंप आले, त्यांनीं एक जादा गोष्ट ध्यानांत ठेवावी. खांबावरून येणारी वीज सेकंदांत शंभर वेळां शून्यावर येते, त्यामुळें लहान ज्वाळेस विझण्याची संधि मिळते. सौर तक्त्यांची वीज एकाच दिशेनें वाहते; ती शून्यावर येत नाहीं, म्हणून जोड ओढतांना उठलेली ज्वाळा लांबत जाते. पंप चालू असतां तक्त्यांचे जोड कदापि ओढूं नयेत. आधीं पंप बंद करावा, मग स्विच पाडावा, आणि तरीहि ऊन आहे तोंवर तक्त्यांकडील तारा जिवंत आहेत असेंच समजून वागावें.

भाजल्यास काय करावें

प्रथम वीज तोडावी. तोंवर मनुष्यास हात लावूं नये. अंगावरील कपडा पेटला असल्यास विझवावा, पण कातडीस चिकटलेला कपडा ओढूं नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. हळद, तूप, शाई, दांत घासण्याची पेस्ट यांपैकीं कांहींहि लावूं नये. जखम स्वच्छ कपड्यानें सैल झांकून ताबडतोब रुग्णालयांत न्यावें, आणि मनुष्य बोलत-चालत असला तरी न्यावें, कारण विजेची इजा आंत किती झाली तें वरून कळत नाहीं. डोळे दिपून दुखत असल्यास तेंहि डॉक्टरांस सांगावें.

सारांश इतकाच. पेटींतील ज्वाळेपुढें बळ चालत नाहीं. वेळ कमी करणें हा एकच उपाय चालतो. मोठ्या पेटींत तो वेळ कमी करण्याचें काम डोळा, बॅटरी व ब्रेकर या तिघांनीं मिळून करावयाचें आहे, व त्यांपैकीं एकाची उणीव इतर दोघे भरून काढूं शकत नाहींत. लहान पेटींत तें काम योग्य जाडीच्या फ्यूजनें, बंद ठेवलेल्या दारानें व आपल्या स्वतःच्या सबुरीनें करावयाचें आहे. येत्या वार्षिक सभेस जाणाऱ्या भागधारकांनीं वरील सात प्रश्न एका कागदावर उतरवून बरोबर न्यावे, एवढी विनंति करून हा पाठ येथें पुरा करितों.